मेटमध्ये पहिला ऑपेरा: ‘ला बोएम’, सगळ्यात वरच्या मजल्यावरून

न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या परिसरात राहणाऱ्या किंवा तिथे मुलाबाळांकडे मुक्कामाला आलेल्या कुणाला आयुष्यातला पहिला ऑपेरा पाहायचा असेल, तर मॅनहॅटनच्या लिंकन सेंटरमधलं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस, म्हणजेच मेट, ही सर्वांत सोयीची जागा आहे. तिथे इटालियन संगीतकार पुच्चीनीचा ‘ला बोएम’ लागला असेल तर फार विचार करू नये, तिकीट काढावं. जागा शक्यतो सगळ्यात वरच्या मजल्यावर, मध्यभागी घ्यावी. ती का घ्यावी, आणि एवढं ठरवूनही अनेकांची संध्याकाळ कुठे बिघडते, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी आवाजाबद्दल, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. नेहमीच्या ऑपेरांमध्ये मेटच्या गायकांना माइक नसतो. काही आधुनिक कृतींमध्ये ध्वनिवर्धन वापरतात, पण पुच्चीनी, व्हेर्दी, मोझार्ट यांचे ऑपेरे निखळ गळ्यावर होतात. प्रेक्षागृह केवढं? सुमारे ३,८०० खुर्च्यांचं. मुंबईत चर्नी रोडजवळचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, ते ५७५ खुर्च्यांचं आहे. म्हणजे तशी सहा प्रेक्षागृहं मावतील एवढ्या जागेत एकटा माणूस माइकशिवाय गातो. त्याच्यासमोरच्या खड्ड्यात पूर्ण वाद्यवृंद वाजत असतो आणि तरीही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो. हे नुसत्या जोरावर होत नाही. वाद्यवृंदाच्या ध्वनीची सर्वाधिक ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वरच्या पट्ट्यात ती झपाट्याने घटते. तयार ऑपेरागायक घसा आणि स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी जुळवतो की त्याच्या आवाजातली बरीच ऊर्जा ३,००० हर्ट्झच्या आसपास गोळा होते. तिथे वाद्यं विरळ असतात आणि आपला कानही तिथेच तीक्ष्ण असतो. त्यामुळे वाद्यांवर ओरडावं न लागता आवाज त्यांच्यामधून वाट काढतो.

याचा नवख्या प्रेक्षकाला होणारा त्रास आधीच सांगून ठेवायला हवा. सभागृहातले स्पीकर, चित्रपटगृहातला दणका आणि हेडफोन यांची सवय झालेल्या कानाला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं आवाज ‘कमी’ वाटतो. बरेच जण तेवढ्यावरच निराश होतात, शेजारच्याशी कुजबुजतात, कार्यक्रमपत्रिका चाळू लागतात. तसं करू नये. गप्प बसून ऐकत राहिलं की कान आपोआप त्या पातळीला येतो आणि पहिल्या अंकाच्या मध्यापर्यंत अगदी हळू गायलेला स्वरही स्पष्ट ऐकू येऊ लागतो. मेटला जायच्या दिवशी येता-जाता गाडीत मोठ्याने गाणी लावू नयेत, एवढं पथ्य पाळलं तरी फरक जाणवतो.

आता जागा. खालून वर मजले असे आहेत: तळाचा ऑर्केस्ट्रा, मग पार्टेर या नावाचे बॉक्स, ग्रँड टियर, ड्रेस सर्कल, बाल्कनी आणि तिच्या मागे सर्वांत उंच फॅमिली सर्कल. या फॅमिली सर्कलबद्दल आमचं मत ठाम आहे. छतावरून परतणारा ध्वनी तिथे थेट आणि एकजीव पोचतो, गायक आणि वाद्यवृंद यांचा तोल उत्तम राहतो. याउलट तळमजल्याच्या अगदी मागच्या रांगा वरच्या मजल्याच्या छपराखाली येतात. तिथे छताकडून येणारा आवाज अडतो आणि रंगमंचाचा वरचा भागही कापला जातो. ‘ला बोएम’च्या दुसऱ्या अंकात नेपथ्य दुमजली आहे, तेव्हा हे विशेष खटकतं. मागच्या ऑर्केस्ट्रा रांगेचं तिकीट ‘तळमजला’ म्हणून महाग घेणं हा सर्वांत वाईट सौदा.

बाजूच्या बॉक्समधल्या स्वस्त खुर्च्याही पहिल्या वेळी टाळाव्यात. प्रेक्षागृह घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे, त्यामुळे टोकाच्या बॉक्समधून रंगमंचाची आपल्या बाजूची पट्टी दिसतच नाही, आणि नेमकं त्याच कोपऱ्यात कुणीतरी मरत असतं. तिकीट काढताना ‘अंशतः दृश्य’ अशी सूचना येते. ती गंभीरपणे घ्यावी.

फॅमिली सर्कलचे दोन दोष आहेत. एक, चढ फार तीव्र आहे. पायऱ्या उंच, रांगा अरुंद. उंचीची भीती वाटणाऱ्याला किंवा गुडघे दुखणाऱ्याला तिथे नेऊ नये. लिफ्टने मजल्यापर्यंत जाता येतं, पण मजल्याच्या आत उतरा-चढायला पायऱ्याच आहेत. दुसरा दोष म्हणजे चेहरे दिसत नाहीत. त्यावर उपाय सोपा: ७ किंवा ८ पटीची छोटी घडीची दुर्बीण. त्याहून मोठी घेतली तर हात हलतो आणि चित्र थरथरतं. दुर्बीण सतत डोळ्याला लावून बसू नये. नवं पात्र आलं की पाहावं आणि खाली ठेवावी, नाहीतर रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला काय घडलं ते निसटतं. वरच्या कोणत्याही मजल्याची पहिली रांग उत्तम वाटते, पण कमी उंचीच्या माणसाच्या नजरेला तिथे कठडा आडवा येतो. दुसरी-तिसरी रांग बरी. आई-बाबांना नेत असाल तर खिसा जरा सैल करून ड्रेस सर्कलच्या मध्यभागी जागा घ्यावी.

तिकिटांचे दर प्रयोगागणिक आणि मागणीप्रमाणे बदलतात. वरच्या मजल्यावर साधारण तीस-चाळीस डॉलरपासून सुरुवात होते, तळमजल्यावरच्या चांगल्या जागा तीनशेच्या वर जातात. ऑनलाइन खरेदीत वेगळी शुल्कं चढतात, म्हणून शेवटची रक्कम पाहूनच तुलना करावी. चाळिशीच्या आतल्या लोकांसाठी काही शुक्रवारी स्वस्त तिकिटांची योजना असते, विद्यार्थ्यांसाठीही वेगळी सवलत आहे.

पण खरी मेख ‘रश’ तिकिटांत आहे. त्या दिवशीच्या न विकलेल्या जागा मेट ऑनलाइन सुमारे २५ डॉलरला देतं, आणि त्यात कित्येकदा तळमजल्यावरच्या मधल्या रांगा लागतात. सोमवार ते शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रयोगांसाठी विक्री त्याच दिवशी दुपारी १२ वाजता उघडते, दुपारच्या प्रयोगांसाठी पडदा उघडण्याच्या चार तास आधी आणि शनिवारच्या संध्याकाळसाठी दुपारी २ वाजता. हंगामाच्या सुरुवातीला या वेळा संकेतस्थळावर एकदा पडताळाव्यात. पद्धत अशी: आदल्या दिवशी खातं उघडून ठेवा आणि कार्डाची माहिती भरून ठेवा. त्या दिवशी पाच मिनिटं आधी लॉगिन करा आणि ठोक्याला बटण दाबा. एका माणसाला दोनच तिकिटं मिळतात आणि जागा निवडता येत नाही, यंत्रणा देईल ती घ्यायची. लोकप्रिय प्रयोगाची तिकिटं काही मिनिटांत संपतात. शनिवारी ‘ला बोएम’ रशमध्ये मिळेल या भरवशावर न्यू जर्सीतल्या एडिसनहून चौघांना घेऊन निघू नये. मंगळवार-बुधवारची थंडीतली संध्याकाळ मात्र बहुधा साधते.

‘ला बोएम’च का? हा ऑपेरा पहिल्यांदा १ फेब्रुवारी १८९६ रोजी इटलीत तुरीनला झाला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन तरुण तोस्कानीनीने केलं. मेटमध्ये सर्वांत जास्त वेळा झालेला ऑपेरा हाच. चार अंक, त्यातला एकही लांबत नाही. कथा एका वाक्यात सांगता येते: पॅरिसमध्ये माळवदावरच्या खोलीत राहणाऱ्या कफल्लक कवीचं शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या आजारी मुलीवर प्रेम जडतं, ते निभत नाही आणि ती परत येते ती मरायलाच. राजे, देव, शाप, ओळख लपवलेले सरदार यांतलं काही नाही. संगीत क्षणभरही थांबत नाही, आणि आपल्या संगीत नाटकाची सवय असलेल्याला पहिला मोठा फरक तोच जाणवतो. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आपल्याकडे गद्य संवाद आणि मग पद अशी रचना रुळली. इथे ‘चूल पेटवायला लाकूड नाही’ हेही गाऊनच सांगितलं जातं. त्या बोलक्या गाण्यातून अरिया, म्हणजे एका पात्राचं स्वतंत्र गाणं, कधी उमलते ते ओळखायचं कसब लागतं, आणि ते ‘ला बोएम’मध्ये सर्वांत लवकर जमतं.

मेटमधला हा प्रयोग इटालियन दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्लीने बसवलेला आहे आणि १९८१ पासून तोच चालू आहे. प्रयोगाची वेळ अशी विभागलेली असते: पहिले दोन अंक सलग, मिळून तासाभराचे. मग अर्ध्या तासाच्या आसपास मध्यंतर. तिसरा अंक सुमारे अर्धा तास, पुन्हा मध्यंतर, आणि चौथा अंक अर्धा तास. एकूण तीन तास धरून चालावं. पहिल्या आणि दुसऱ्या अंकामध्ये पडदा पडतो, टाळ्या होतात, पण ते मध्यंतर नसतं. नवखे लोक इथे हमखास उठतात, मधल्या खुर्चीवरून वीस गुडघे ओलांडून दारापर्यंत जातात आणि मग आत सोडलं जात नाही. दुसरा अंक जेमतेम वीस मिनिटांचा आहे आणि सगळ्या प्रयोगातला सर्वांत देखणा तोच. तेव्हा जागेवरच बसून राहावं.

काय काय ऐकायचं, ते अंकाच्या क्रमाने सांगतो.

पहिल्या अंकात कवी रोदोल्फो आणि चित्रकार मार्चेल्लो थंडीने कुडकुडत असतात. रोदोल्फो आपल्या नाटकाचं हस्तलिखित शेगडीत घालून ऊब मिळवतो. मित्र येतात, घरमालक भाडं मागायला येतो, त्याला दारू पाजून हुसकावतात. हा पंधरा-वीस मिनिटांचा भाग वेगवान, खटकेबाज आहे. इथे मोठं गाणं शोधत बसू नये, समोरच्या खुर्चीच्या पाठीवरच्या पट्टीत येणारं भाषांतर वाचत राहावं. मग दारावर टकटक होते. मिमीची मेणबत्ती विझलेली, किल्ली हरवलेली. अंधारात दोघं किल्ली शोधतात, त्याला ती सापडते आणि तो गुपचूप खिशात घालतो. हा खिशाचा क्षण फॅमिली सर्कलमधून दुर्बिणीशिवाय दिसत नाही, आणि तो निसटला तर पुढच्या प्रसंगाचा खट्याळपणा निसटतो. तिचा हात हातात येतो आणि ‘चे जेलीदा मानीना’ सुरू होतं, ‘किती गार हा हात’. या अरियात ‘स्पेरान्त्सा’ या शब्दावर टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा, वरचा सा, म्हणजे त्यांच्या भाषेत हाय सी, लागतो. बरेच गायक ही अरिया अर्धा स्वर खाली गातात. तो जुना रिवाज आहे, त्याने कुणी कमी ठरत नाही. पाठोपाठ मिमीचं उत्तर आणि मग दोघांचं द्वंद्वगीत. या तीन सलग गोष्टी जायच्या आधी तीन-चार वेळा ऐकून ठेवाव्यात. सगळा ऑपेरा आधीच ध्वनिमुद्रणावर ऐकायची गरज नाही. एवढा पंधरा मिनिटांचा तुकडा ओळखीचा झाला की पुढे चौथ्या अंकात त्याच सुरावटी वाद्यवृंदात परत येतात तेव्हा त्या अंगावर येतात. पुच्चीनीची सगळी करामत या परतून येण्यात आहे, आणि पहिली ओळख पक्की नसेल तर ती करामत कळत नाही.

दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला की प्रेक्षक नेपथ्यालाच टाळ्या देतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं पॅरिस, वर रस्ता, खाली कॅफे मोमुस, दोनशेहून जास्त माणसं, मुलं, खेळणीवाला, लष्करी बँड, घोडा आणि गाढवसुद्धा. मेटच्या मुख्य रंगमंचाला दोन्ही बाजूंनी आणि मागे जवळपास तेवढेच मोठे रंगमंच जोडलेले आहेत. आधी उभारलेलं नेपथ्य चाकांवर सरकत येतं, म्हणून एवढा बदल काही मिनिटांत होतो. या गर्दीत मुख्य गायक कुठे आहेत ते शोधावं लागतं. सूचना एकच: कॅफेच्या टेबलांकडे नजर ठेवा. मुसेत्ता तिथेच आपल्या जुन्या प्रियकराला, मार्चेल्लोला, जळवायला ते प्रसिद्ध वॉल्ट्झ गाते.

तिसरा अंक आम्हाला सर्वांत आवडतो, आणि पहिल्या वेळी लोक नेमका त्याच अंकात थकलेले असतात. पहाट, शहराच्या वेशीवरचा जकातनाका, बर्फ. सुरुवातीला दोन जोरकस आघात आणि मग बासरी नि हार्पवर खाली खाली उतरणारे पोकळ पंचम. बर्फ पडताना ऐकू येतो म्हणावं इतकं ते नेमकं आहे. मिमी झाडाआड उभी राहून आपला आजार बरा होणारा नाही हे ऐकते. शेवटी चौघांचं गाणं आहे: एक जोडी हळुवारपणे निरोप घेते, दुसरी त्याच वेळी कचाकचा भांडते. इथे सबटायटल्सकडे पाहू नये. चौघांचे शब्द पट्टीवर मावत नाहीत, आणि कानाला दोन्ही जोड्या वेगळ्या ऐकू येतात, तेवढं पुरे.

चौथ्या अंकात तत्त्वज्ञ कोलीने आपला जुना कोट विकायला नेण्याआधी त्या कोटाचा निरोप घेतो. खालच्या पट्टीतलं दोन मिनिटांचं गाणं आहे, कधी सुरू झालं ते कळतही नाही. मिमी मरते तेव्हा ती गात नसते. खोलीतल्या माणसांच्या आधी वाद्यवृंदाला ते कळतं. मग मित्र शोनारच्या ध्यानात येतं आणि रोदोल्फोला सर्वांत शेवटी.

सबटायटल्सची सोय मेटमध्ये फार चांगली आहे. १९९५ पासून प्रत्येक खुर्चीसमोर, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर किंवा कठड्यावर, एक छोटी पट्टी असते. शेजारचं बटण दाबलं की मजकूर सुरू होतो, पुन्हा दाबलं की भाषा बदलते. इंग्रजी नेहमीच असते. पट्टी अशी बनवली आहे की शेजाऱ्याची पट्टी आपल्याला दिसत नाही. दिवे मंद होण्याआधीच ती चालू करून पाहावी. बंद पडलेली निघाली तर मदतनीसाला तेव्हाच सांगता येतं. ओळ वाचायची, नजर वर न्यायची, असा ताल पाच-सात मिनिटांत जमतो. इंग्रजी भराभर न वाचता येणाऱ्या आजी-आजोबांना मात्र कथा अंकवार मराठीत आधीच सांगून ठेवावी, घरी, चहासोबत. प्रयोगात कानाशी भाषांतर करू नये. माइक नसलेल्या सभागृहात कुजबूज चार रांगा जाते.

एक अपवाद माहितीसाठी: अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’ मेटने २००८ आणि २०११ मध्ये केला. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या काळावरचा हा ऑपेरा भगवद्गीतेतल्या संस्कृत श्लोकांत गायला जातो आणि त्याला मेटने पट्टीवर मजकूर दिला नव्हता. गीता कानावर असलेल्या मराठी माणसाला ती भाषा जवळची, पण संगीत अतिशय संथ आणि पुनरावृत्तीचं. पुन्हा लागला तर जरूर जावं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

आता पोचण्याचं. नंबर १ ची सबवे ६६ व्या रस्त्याला लिंकन सेंटरपाशीच थांबते. न्यू जर्सीकडून एडिसन किंवा मेट्रोपार्कहून येणाऱ्यांनी न्यूयॉर्क पेन स्टेशनला उतरून तीच नंबर १ वरच्या दिशेने घ्यावी. गाड्यांना उशीर होतोच, म्हणून लिंकन सेंटरला तासभर आधी पोचायचा हिशेब ठेवावा. यात सवलत घेऊ नये, कारण पडदा वर गेला की उशिरा आलेल्यांना मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत. बाहेर पडद्यावर प्रयोग दिसतो, पण तुम्ही ज्यासाठी आलात तो आवाज तिथे नाही. ‘ला बोएम’मध्ये उशीर झाला म्हणजे वर सांगितलेली तिन्ही गाणी आणि झेफिरेल्लीचं पॅरिस, सगळं गेलं. परतीची गाडीही आधीच पाहून ठेवावी. साडेसातचा प्रयोग साडेदहाच्या पुढे सुटतो आणि रात्री गाड्यांमधलं अंतर वाढतं. ज्येष्ठांसोबत शनिवार-रविवारचा दुपारचा प्रयोग केव्हाही बरा.

कपड्यांचा नियम नाही. जीन्स चालते, रेशमी साडीही चालते, आणि दोन्ही दिसतात. थंडीत जाड कोट मांडीवर घेऊन तीन तास बसणं त्रासाचं होतं, तो खाली कोट ठेवायच्या जागी द्यावा. मोठ्या बॅगा नेऊ नयेत. खाणंपिणं प्रेक्षागृहात चालत नाही. आत मिळणारं सँडविच आणि पेय महाग आहे आणि मध्यंतरात रांग मोठी, तेव्हा साडेपाच-सहाला आजूबाजूच्या ब्रॉडवे किंवा कोलंबस अव्हेन्यूवर खाऊन घ्यावं. प्रवेशदालनाच्या उंच काचांमागे मार्क शगालची दोन प्रचंड भित्तिचित्रं आहेत. ती बाहेरच्या कारंज्यापाशी उभं राहून सर्वांत चांगली दिसतात. स्वच्छतागृहांची रांग ही मेटची जुनी अडचण आहे, विशेषतः बायकांसाठी. मध्यंतराचे दिवे लागताच आधी तिकडे जावं, फोटो नंतर. खोकल्याची गोळी कागदातून काढून रुमालात ठेवावी. त्या कागदाची करकर तिसऱ्या अंकात अख्ख्या मजल्याला ऐकू येते. फोन आवाज बंद करून भागत नाही, पूर्ण बंद करावा, कारण वरच्या मजल्यावर एक उजळलेला पडदा मागच्या दहा रांगांना दिसतो.

दिवे मंद होताना ऑस्ट्रिया सरकारने भेट दिलेली स्फटिकांची झुंबरं छताकडे वर जातात, तोवर स्थिरस्थावर झालेलं असावं. संचालक आला की टाळ्या. अरिया संपली की टाळ्या चालतात, पण वाद्यवृंद पुढे वाजत असेल तर थांबावं. खात्री नसेल तर इतरांमागून वाजवाव्यात. शेवटी मात्र घाई नको, शेवटचा स्वर विरू द्यावा. दाद द्यायची तर पुरुषाला ‘ब्रावो’, बाईला ‘ब्रावा’, सगळ्यांना ‘ब्रावी’. वन्समोअर इथे जवळजवळ मिळत नाही. २००८ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने दोनिझेत्तीच्या ऑपेरातली नऊ हाय सींची अरिया पुन्हा गायली, त्याची बातमी झाली होती.

आता जे पटत नाही तेही. झेफिरेल्लीची माळवदावरची खोली रंगमंचावर फार उंच आणि मागे आहे. पहिला आणि चौथा अंक नाजूक आहेत आणि ते एवढ्या दूरच्या चौकटीत घडताना लहान दिसतात. बारीक आवाजाचा गायक तिथून पुढे येत नाही. शिवाय एका हंगामात हा ऑपेरा अनेक वेळा होतो आणि गायकसंच मध्येच बदलतो. जुन्या प्रयोगाला तालमी थोड्या मिळतात, त्यामुळे एका आठवड्यात प्रयोग पेटलेला आणि पुढच्या आठवड्यात नुसता नीटनेटका, असं होतं. म्हणून तारीख निवडताना त्या दिवशीचे मिमी, रोदोल्फो आणि संचालक कोण आहेत ते संकेतस्थळावर पाहून, त्यांचं अलीकडचं ध्वनिमुद्रण पाच मिनिटं ऐकून मगच तिकीट घ्यावं.

‘ला बोएम’ लागलेला नसेल तर ‘तोस्का’ किंवा ‘कार्मेन’ घ्यावा. ‘कार्मेन’ बराच लांब आहे, पण त्यातल्या निम्म्या चाली तुम्ही आधीच ऐकलेल्या असतात. नाताळच्या सुमारास मुलांसाठी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ची इंग्रजीतली छोटी आवृत्ती होते, दोन तासांच्या आत आणि विनामध्यंतर. शाळकरी मुलांना तिथून सुरुवात करून द्यावी. वाग्नर पहिल्या खेपेला नको. पाच तास बसायची तयारी हा वेगळा विषय आहे.

मुंबईत असाल तर मेटचे प्रयोग एनसीपीए या कलाकेंद्रात पडद्यावर दाखवले जातात. डिसेंबर २००६ मध्ये मेटने हे प्रक्षेपण सुरू केलं. तिथे चेहरे जवळून दिसतात, खिशात जाणारी किल्ली दिसते, मध्यंतरात पडद्यामागची नेपथ्याची हलवाहलव दिसते. आवाज मात्र माइकमधून आलेला असतो, म्हणून लहान आणि मोठा गळा सारखेच ऐकू येतात. कथा आणि अभिनय समजून घ्यायला उत्तम. न्यूयॉर्कला जाणार असाल तर आधी इथे एखादा प्रयोग पाहून जावं. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये असाल, तर हीच चित्रणं लिंकन सेंटरच्या चौकात मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. तिकीट लागत नाही, खुर्च्या आधी येईल त्याला मिळतात. तेव्हा अंधार पडायच्या तासभर आधी जाऊन बसावं आणि पाठीला टेकायला काहीतरी सोबत न्यावं.